नागपूर : एका नावाचा अभ्यास

दरवर्षी शाळा उघडली की इतिहासाच्या पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर ‘नागपूर’ हा एकच शब्द लिहितो आणि वर्गाला विचारतो, हे नाव कोणी ठेवले? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. निम्मा वर्ग सांगतो, गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. काही विद्यार्थी म्हणतात, नाग नदीवरून पडले. आणि अशोक विजयादशमीला आईवडिलांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेली आपल्या वसतिगृहातील मुले हात उंच करून म्हणतात, “सर, नागलोकांवरून! बाबासाहेबांनीच सांगितले आहे.”

तिन्ही उत्तरे आम्ही फळ्यावर लिहून घेतो. एकही पुसत नाही. मात्र ही तीन उत्तरे एकाच जातीच्या पुराव्यावर उभी नाहीत, आणि तो फरक विद्यार्थ्यांना समजावून देण्यात पुढचे दोन-तीन तास जातात. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा हाच पाठ सविस्तर लिहावा असे आम्हांस वाटले. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी तो वर्गात ऐकला आहे. त्यांच्या पालकांनी मात्र ऐकलेला नाही.

प्रथम पहिल्या उत्तराचा विचार करू. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याचा एक ताम्रपट सापडला आहे. त्याचा काळ शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०. एका गावाच्या दानाचा हा लेख असून ते गाव ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयात होते असे त्यात नमूद आहे. विषय म्हणजे त्या काळचा जिल्हा. बख्त बुलंदाने शहर वसविले ते अठराव्या शतकाच्या प्रारंभी. याचा अर्थ असा की, ज्या राजाला आपण या नावाचा जनक समजतो त्याच्या सुमारे साडेसातशे वर्षे आधीपासून हे नाव या प्रदेशात वावरत होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘बख्त बुलंदाने नागपूर हे नाव दिले’ असे वाक्य आढळले की आम्ही त्याखाली लाल शाईने ‘९४०’ एवढेच लिहितो.

परंतु ताम्रपटाकडूनही त्याच्या शक्तीपलीकडचे वदवून घेऊ नये. त्यात नागपूर हे एका प्रदेशाचे नाव आहे. आज जेथे महाल आणि इतवारी आहे तेथे दहाव्या शतकात शहर होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या जोडनावातील दुसरे नाव, नंदिवर्धन, हे त्या काळी अधिक तोलामोलाचे होते. रामटेकजवळचे आजचे नगरधन म्हणजेच ते नंदिवर्धन. वाकाटकांची ती राजधानी, प्रभावतीगुप्तेने जेथून राज्यकारभार पाहिला ती नगरी. आज नगरधनला किल्ला पाहण्यासाठी सहली जातात. तेथील शेतकरी मात्र कोर्टकचेरीच्या कामासाठी नागपूरला येतो.

आता बख्त बुलंदाचे श्रेय नेमके कोणते? देवगडच्या या गोंड राजाने बारा लहान वाड्या एकत्र करून शहर वसविले. राजापूर बारसा या नावाने ओळखली जाणारी ती वस्ती. पाटण्यापासून पुण्यापर्यंत कोणत्याही राजाने केले असते तेच त्याने केले. रस्ते आखले, बाहेरून शेतकरी व कारागीर आणून वसविले. पण त्याचे स्वतःचे नावच विचार करण्यासारखे आहे. ‘बख्त बुलंद’ हे फारसी शब्द आहेत. ज्याचे भाग्य थोर तो बख्त बुलंद. तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि हा किताब त्याला मिळाला. म्हणजे ज्याने हे शहर वसविले त्यानेही धर्म बदलला होता आणि नाव बदलले होते. फरक एवढाच की ते नाव बादशहाने दिलेले होते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानाने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. जुम्मा म्हणजे शुक्रवार. भोसल्यांच्या काळात व पुढेही लोक त्यालाच शुक्रवारी तलाव म्हणू लागले. वार तोच राहिला, भाषा तेवढी बदलली. स्वातंत्र्यानंतर त्याचा गांधीसागर झाला आणि जुम्मा दरवाजाचा गांधी दरवाजा. आमच्या आजीच्या तोंडी मात्र अखेरपर्यंत ‘शुक्रवारी’च होते; आणि आजही रिक्षावाल्याला ‘शुक्रवारी’ म्हटले तर तो दुसरा प्रश्न विचारीत नाही. एका तलावाच्या तीन नावांत तीन राजवटी उभ्या आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही आधीचे नाव पूर्णपणे पुसलेले नाही.

१७३९ मध्ये चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा कलह झाला. रघूजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि काही वर्षांतच राज्याचे धनी झाले. त्यांनी गोंड राजाला पदच्युत केले नाही. त्याची पदवी आणि मानमरातब राखला, सत्ता मात्र आपल्या हाती घेतली. शहराचे नावही बदलले नाही. तरीपण नामकरण झालेच. पुण्यात रविवार पेठ आहे; नागपुरात मात्र मराठी राजांच्या राज्यात इतवारी झाली, कारण येथील बाजाराची भाषा हिंदुस्तानी होती. मोमिनपुऱ्यात मोमीन विणकर, कोष्टीपुऱ्यात कोष्टी. जरीपटका हे मराठ्यांच्या निशाणाचे नाव. पण त्या नावाच्या वस्तीत आज सिंधी बांधव राहतात. फाळणीत घरदार गमावून ते येथे आले, आणि त्यांच्या शेजारी इंदोऱ्यात आपला बौद्ध समाज. नागपूरच्या नकाशावर बोट फिरवले तर भाषा दर दोन फर्लांगांवर बदलते.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. इंग्रजांनीही शहराचे नाव तसेच ठेवले, फक्त इमारतींना आपली नावे दिली. चीफ कमिशनर मॉरिस यांच्या नावाने १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले. व्हाइसरॉय मेयोच्या नावाने रुग्णालय. आज मॉरिस कॉलेजच्या फाटकावर वसंतराव नाईकांचे नाव आहे आणि मेयोवर इंदिरा गांधींचे, तरी अपघात झाला की लोक म्हणतात, “मेयोत न्या.” सर्वांत बोलके उदाहरण गिरणीचे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, येथील कापडगिरणी सुरू केली आणि तिला एम्प्रेस म्हटले. त्या गिरणीच्या भोंग्यावर आपल्या समाजातील किती कुटुंबांच्या चुली पेटल्या हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. सम्राज्ञी गेली, साम्राज्य गेले, गिरणीही बंद पडली. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलने नाव मात्र एम्प्रेसच घेतले.

येथपर्यंतचा पाठ कोणत्याही शाळेत शिकविता येईल. पण येथे आम्ही वर्गाला एक प्रश्न विचारतो आणि मग वर्ग शांत होतो. गोंड आले, मराठे आले, इंग्रज आले. तलावाचे नाव बदलले, दरवाजाचे बदलले, कॉलेजचे बदलले. मग या साऱ्या काळात महारवाड्याचे नाव काय होते?

महारवाडाच. विदर्भात कोठे महारपुरा, कोठे महारवाडा. गोंडांच्या राज्यातही तेच, भोसल्यांच्याही, इंग्रजांच्याही. बादशहाकडून किताब मिळवणाऱ्या राजाला ते बदलावेसे वाटले नाही. सम्राज्ञीच्या नावाने गिरणी काढणाऱ्यांनाही नाही. राज्यकर्त्यांनी जी नावे बदलली ती सत्तेच्या खुणा होत्या, आणि महारवाडा ही सत्तेची खूण नव्हती, ती सत्तेचा पाया होती. पाया कोणी रंगवीत नाही. जुन्या कागदपत्रांतून आपल्या पूर्वजांची नावेही अशीच येतात. गावाची नोंद सविस्तर, पण वेसकराचे नाव एकेरी आणि अर्धवट. आपल्याविषयी सरकारने वापरलेल्या शब्दांची यादी केली तर ती एखाद्या शहराच्या नावांच्या यादीहून लांब होईल. आणि त्या यादीतला कोणताही शब्द आपण निवडलेला नव्हता.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आम्ही नामकरणाच्या इतिहासातही शिकवितो. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या पटांगणाला तोवर स्वतःचे असे नाव नव्हते. कशाच्या तरी जवळचे पटांगण एवढीच त्याची ओळख होती. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, लाखो लोकांना ती दिली, आणि ते पटांगण दीक्षाभूमी झाले. हे नाव लोकांच्या तोंडून आले. बख्त बुलंदाला नवे नाव बादशहाने दिले होते. येथे लाखो माणसांनी स्वतःला स्वतः नाव दिले, आणि तो दिवस संपण्यापूर्वी ते बौद्ध होते. राजकीय इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षी नागपूरपुढे दुसरीच तारीख असते, १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. दोन घटनांत अंतर अठरा दिवसांचे. राजधानी गेल्याची खंत येथील वृत्तपत्रांनी पुष्कळ वर्षे केली. शहराला जगाच्या नकाशावर ठळक करणारी गोष्ट तत्पूर्वी घडून गेली होती हे त्यांच्या ध्यानात यावयास वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी त्याच ठिकाणी दीर्घ भाषण केले. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हा प्रश्न लोक विचारीत होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय येथे असल्यामुळे हे शहर निवडले, ही शंका त्यांनी स्पष्टपणे नाकारली. त्यांचे कारण निराळे होते. भारतात बुद्धधम्माचा प्रसार नागलोकांनी केला, ते आर्यांचे विरोधक होते, त्यांचा छळ झाला, आपण त्यांचे वंशज आहोत. त्यांची वस्ती नागपूर व आसपासच्या प्रदेशात होती, म्हणून हे शहर नागांचे. जवळून वाहणाऱ्या नाग नदीचा आणि काही मैलांवरील नागार्जुनाच्या टेकडीचाही उल्लेख त्यांनी केला. नाग आणि द्रविड हे एकच लोक होत, हा विचार त्यांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथातही मांडला होता. १९५६ चे भाषण त्या विचाराचा लोकांसमोरचा आविष्कार होता.

आता इतिहासाच्या शिक्षकाची कसोटी लागते. काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीने आम्हांस सरळ विचारले, “सर, ताम्रपटात तर फक्त नागपूर लिहिले आहे. नागलोक कोठे लिहिले आहेत?” वर्गातील इतर मुले तिच्याकडे रागाने पाहू लागली. आम्हांस मात्र त्या दिवशी आपली नोकरी सार्थकी लागली असे वाटले. आम्ही तिला सांगितले ते असे. ताम्रपटात नागलोक लिहिलेले नाहीत, हे खरे. नावातील ‘नाग’ म्हणजे नदी, सर्प की लोक, हे ताम्रपट सांगत नाही. आणि नदीवरून शहराचे नाव पडले म्हणणारेही नदीचे नाव कशावरून पडले ते सांगू शकत नाहीत. प्रश्न एक पायरी मागे जातो एवढेच. बाबासाहेबांचे म्हणणे हे इतिहासाच्या आधाराने मांडलेले अनुमान आहे. अनुमान म्हणजे कल्पना नव्हे. महाभारतात खांडववन जाळताना नागांचा संहार होतो, राजा जनमेजय सर्पसत्र करतो. या कथा सापांच्या आहेत असे मानावयाचे, की सापाचे चिन्ह मिरविणाऱ्या माणसांच्या, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. विद्यापीठांत बसलेल्या पुष्कळांनी तो विचारण्याचे धाडस केले नव्हते.

मग आम्ही वर्गाला पवनीला नेतो, सहल म्हणून नव्हे तर त्या प्रश्नासाठी. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी हे जुने नगर आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले आणि मौर्य-सातवाहन काळातील भव्य स्तूपांचे अवशेष उजेडात आले. ज्या टेकड्यांखाली ते दडले होते त्यांची लोकांतील नावे पाहा. एक जगन्नाथ टेकडी, दुसरी सुलेमान टेकडी. दोन्ही स्तूप, पण एकाला देवाचे नाव, दुसऱ्याला मुसलमानी नाव, आणि मूळ नाव कोणालाच ठाऊक नाही. तेथील एका शिल्पात पाच फण्यांचा नागराज आहे आणि त्याच्याशेजारी ब्राह्मी लिपीत त्याचे नाव कोरलेले आहे : मुचलिंद. संबोधीनंतर सात दिवस पाऊस कोसळत असता ज्याने आपला फणा तथागतांवर धरला तोच हा. यावरून नागपूरचे नाव नागलोकांवरून पडले हे सिद्ध होते काय? नाही. पण नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर, दोन हजार वर्षांपूर्वी, नाग हा बुद्धाचा शत्रू नव्हे तर रक्षक म्हणून दगडात कोरलेला होता, एवढे निश्चितपणे सिद्ध होते. ज्या संस्कृतीत नाग ठेचावयाचा असतो आणि ज्या संस्कृतीत नाग छत्र धरतो, त्या दोन संस्कृती एक नाहीत. पालीत तर ‘नाग’ हा शब्द अर्हतासाठीही येतो. जो आगु म्हणजे पाप करीत नाही तो नाग, अशी त्याची व्युत्पत्ती तेथे दिली जाते.

ती मुलगी नंतर इतिहासातच पदवीधर झाली. तिचे समाधान पूर्ण झाले की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. बहुधा झाले नसावे; आणि ते ठीकच आहे. बाबासाहेबांचे अनुमान प्रश्नांपासून झाकून ठेवले तर त्याची पोथी होईल, आणि पोथ्यांतून बाहेर पडण्यासाठीच तर आपण त्या पटांगणावर गेलो होतो.

नावासाठी रक्त सांडते याचा अनुभव आपल्या समाजाला जुन्या इतिहासातून घ्यावा लागला नाही. तिकडे मराठवाड्यात मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेले खडकी, त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर, औरंगजेबाच्या वेळी औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. चारही नावे सत्तेने दिली आणि ती एकेका आदेशाने बदलली. त्याच शहरातील विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. तो अमलात यावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. साडेपंधरा वर्षे! तीही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. दरम्यान मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि नागपुरात इंदोऱ्याच्या तरुणांनी प्राण दिले. दहा नंबर पुलाजवळच्या नामांतर शहीद स्मारकावरून आपल्या विद्यालयाचे कितीतरी माजी विद्यार्थी रोज कामावर जातात. बादशहाच्या नावाची पाटी एका दिवसात बसते आणि घटनाकाराच्या नावाला दीड दशक लागते, हा फरक आम्ही पाठ्यपुस्तकात शोधला. तो तेथे नाही.

अलीकडची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. उशिरा का होईना, योग्यच झाले. पण बदलावयाच्या नावांच्या उदाहरणांत महारवाडा, मांगवाडा यांच्यासोबत ‘बौद्धवाडा’ही घातला होता. आम्हांस हे खटकले. बौद्धवाडा हे जातीचे नाव नव्हते. १९५६ नंतर गावोगावच्या माणसांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून ते लावले होते. महारवाडा पुसून लिहिलेला तो पहिला शब्द होता. शासनाला त्यात जात दिसली, कारण गावाने तो शब्द जातीसारखाच वापरला. नाव बदलले तरी गावाचा डोळा बदलला नाही तर नवे नावही जुने होते, ही अडचण आमच्या वर्गातील मुलांना आमच्याहून लवकर कळते. सुटीत गावी जाऊन आलेली मुले याविषयी जे सांगतात ते येथे लिहीत नाही.

पाठाच्या शेवटी आम्ही मुलांना नाग नदीच्या पुलावर उभे करतो. बाबासाहेबांनी जिचा उल्लेख केला ती हीच. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावून, अंबाझरीकडून शहराच्या पोटातून ती वाहते, पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानबरोबर वैनगंगेला. म्हणजे या पुलाखालचे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून शेवटी पवनीच्या त्या स्तूपांच्या काठाने जाते. मुलांना हे ऐकून आनंद होतो आणि मग ती खाली पाहतात. पुलाखाली सांडपाणी आहे, प्लॅस्टिक आहे आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. शहरातील बहुतेक लोक तिला आता नदी म्हणत नाहीत, नाग नाला म्हणतात. कोणा राजाने किंवा मंत्रिमंडळाने हा बदल केलेला नाही. गेल्या वर्षी एका मुलाने वहीत लिहिले होते : ‘नदीचे नाव कोणी बदलले? आपण.’ त्याखाली आम्ही लाल शाईने काहीही लिहिले नाही.